दोन रात्रींचा हवापालट

सुटी जवळ आली की घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि प्रवास आटोपला की त्याच घरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : "आता दोन दिवस स्वस्थ पडून राहिले पाहिजे!" विसाव्यासाठी म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा विसाव्याची गरज भासावी, ही गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. परंतु थोडा विचार केला, तर दोष प्रवासाचा नसून बेताचा असतो, असे आढळून येईल. तीन दिवसांत दहा-अकरा ठिकाणे पाहावयाची, पहाटे चारला उठावयाचे, रात्री अकराला जेवावयाचे, आणि मधल्या वेळात गाडीच्या खिडकीला डोके टेकून डुलक्या घ्यावयाच्या, ह्याला सहल म्हणता येईल. हवापालट म्हणता येणार नाही.

हवापालट हा शब्द आपल्या वाडवडिलांचा. प्रकृती उतरली, मन उदास झाले, म्हणजे वैद्य औषधाबरोबर हवापालट सांगत. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत ह्याच गोष्टीला मुदांसा म्हणत. पोर्तुगीज भाषेत ह्या शब्दाचा अर्थ बदल असाच आहे. मे महिना आला की आतल्या गावांतील कुटुंबे तांदूळ, नारळ, सुकी मासळी आणि भांडीकुंडी घेऊन समुद्राकाठच्या एखाद्या घरात जाऊन राहत. सकाळी खाऱ्या पाण्याचे स्नान, दुपारी झोप, संध्याकाळी वाळूवर गप्पा आणि प्रार्थना, एवढाच त्यांचा दिनक्रम असे. तेथे पाहावयाचे असे काही नसे. केवळ राहावयाचे असे. म्हणूनच ती माणसे ताजीतवानी होऊन परतत.

आजच्या नोकरदार गृहस्थाला महिनाभर घर सोडून राहणे परवडत नाही. शाळा, कचेरी, दुकान, शेती, म्हातारी माणसे, गोठ्यातील जनावर ह्यांपैकी काही ना काही त्याला मागे ओढीत असते. परंतु हवापालटाचे मर्म दिवसांच्या संख्येत नाही. ठिकाण एक असावे, ते जवळ असावे, हवा खरोखरीच निराळी असावी आणि दिवसाचा निदान अर्धा भाग मोकळा असावा, ह्या चार गोष्टी साधल्या तर दोन रात्री आणि तीन दिवसही पुरेसे होतात. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कुटुंबांना ह्या चारही कसोट्यांना उतरणारे एक थंड हवेचे गाव अगदी हाताशी आहे. ते गाव म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली.

आंबोलीचा आणि ह्या दोन तालुक्यांचा संबंध आजचा नव्हे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा मुलूख एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगिजांकडे गेला. पेडणे महाल १७८८ साली कायमचा त्यांच्या हाती पडला. ह्या प्रदेशाला नव्या काबिजादी असे नाव मिळाले आणि एकाच मुलुखाच्या मधून सरहद्द गेली. सरहद्दीने राज्य वेगळे केले; सोयरीक, बाजार, देवदेवस्की आणि भाषा मात्र दोन्ही बाजूंना तशीच राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि परवान्यावाचून बांदा-सावंतवाडीचा रस्ता पुन्हा सर्वांना खुला झाला. आज पत्रादेवीहून जाताना तेथील हुतात्मा स्मारकापाशी दोन मिनिटे थांबावे आणि मुलांना १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहाची हकीकत सांगावी. आज आपण जो रस्ता सहज ओलांडतो, तो ओलांडताना त्या दिवशी निःशस्त्र माणसांनी गोळ्या झेलल्या, हे त्यांना कळले पाहिजे.

आंबोली हे थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे कसे आले, ह्याचीही कथा मनोरंजक आहे. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी ह्यांना जोडणारा चांगला रस्ता इंग्रजांना हवा होता. पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे रामघाटाने जात. पण ती चढण फार उभी. म्हणून एकोणिसाव्या शतकात पारपोली गावाजवळून वळणावळणांचा नवा घाट बांधण्यात आला. तोच आजचा आंबोली घाट. पुढे सावंतवाडी संस्थानातील पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप ह्यांच्या नजरेत घाटमाथ्यावरची ही थंड जागा भरली, आणि १८८० च्या सुमारास तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले. परंतु थोड्याच वर्षांत मुरगाव बंदराला कॅसलरॉकमार्गे रेल्वे जोडली गेली, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि घाटातील वर्दळही मंदावली. महाबळेश्वरासारखी मोठी पेठ, नौकाविहार, घोड्यांची रांग असे काही येथे उभे राहिले नाही. ज्याला बाजार हवा असेल, त्याची येथे निराशा होईल. ज्याला शांतता हवी असेल, त्याला मात्र जुन्या काळच्या त्या मंदीचा फायदा अजून मिळतो.

हवा कितपत निराळी आहे, हे आधीच नीट समजून घ्यावे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. समुद्रसपाटीपासून आपण जसजसे वर चढतो, तसतसे तापमान उतरत जाते. साधारण हिशेब असा की, हजार मीटर चढल्यास सहा ते साडेसहा अंश सेल्सियस एवढा उतार पडतो. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे; म्हणजे पेडण्याच्या मानाने तेथील हवा चार-साडेचार अंशांनी थंड असणार. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरांवर आणि उटकमंड २,२०० मीटरांहूनही वर आहे. तेथील गारवा आंबोलीला मिळणार नाही. मे महिन्याच्या भर दुपारी येथेही ऊन जाणवते. तथापि सूर्य कलला की वारा सुटतो आणि रात्री पांघरूण ओढावेसे वाटते. समुद्रकाठच्या चिकट, घामट रात्री ज्यांनी काढल्या आहेत, त्यांना ह्या पांघरुणाचे मोल निराळे सांगावयास नको.

पावसाची गोष्ट मात्र निराळी. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात. पुढे जाण्यास वाट नसल्यामुळे ते वर चढतात, चढताना थंड होतात, आणि थंड झालेल्या हवेला बाष्पाचा भार पेलवत नसल्यामुळे तो तेथेच रिता करतात. आंबोली नेमकी ह्या भिंतीच्या काठावर बसली आहे. पणजीस वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीची सरासरी सात हजारांच्या घरात जाते. जुलै महिन्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही, वाळत घातलेला कपडा वाळत नाही आणि दहा पावलांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही.

तेव्हा केव्हा जावे, हा पहिला प्रश्न. जुलै-ऑगस्टात घाटातील मोठा धबधबा थेट रस्त्याच्या कडेलाच कोसळत असतो आणि तो पाहण्यास शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते की, घाटात वाहनांच्या रांगा लागतात. तरुण मंडळींना त्यात मौज वाटत असेल. लहान मुले आणि वृद्ध माणसे बरोबर असताना हे दिवस टाळावेत. ज्यांना पाऊसच पाहावयाचा आहे, त्यांनी आठवड्याच्या मधला वार निवडावा. चतुर्थीचे गणपती पोचवून झाल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पावसाचा जोर ओसरतो; धबधबे वाहते असतात, सड्यांवर रानफुले उमललेली असतात आणि गर्दी पांगलेली असते. दिवाळीची सुटी हा त्याहूनही सुखाचा काळ. आकाश निवळलेले, दऱ्या स्वच्छ, रस्ते कोरडे. नाताळापासून फेब्रुवारीपर्यंत पहाटे चांगलीच थंडी पडते. नाताळच्या आठवड्यात मात्र सर्वत्रच प्रवाशांची गर्दी असते; म्हणून सणाचे दिवस घरी आणि देवळात काढून जानेवारीत एखादी जोडून आलेली रजा साधावी.

आता वाट. पेडण्याहून निघणाऱ्यांनी पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, दाणोली आणि आंबोली हा सरळ मार्ग धरावा. सावंतवाडीपासून आंबोली सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि पेडण्यापासूनचा सर्व प्रवास साठ किलोमीटरच्या आतबाहेर होतो. डिचोलीकडील मंडळींना दोडामार्गावरून बांद्यास येता येते. बांद्याहून एक रस्ता तेरेखोल नदीच्या काठाकाठाने विलवडे, सरमळे ह्या गावांवरून थेट दाणोलीस जातो. त्याने सावंतवाडीचा वळसा वाचतो आणि वाटेत शेते व बागायती पाहावयास मिळतात. नकाशावर तिलारीचा घाट जवळचा वाटतो. पण त्याची चढण अतिशय तीव्र आणि वळणे आखूड आहेत. सवय नसलेल्या चालकाने त्या वाटेस जाऊ नये.

स्वतःचे वाहन नसलेल्या कुटुंबांनी हिरमुसण्याचे कारण नाही. कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला, तेव्हापासून पेडणे आणि सावंतवाडी रोड ही स्थानके जोडली गेली आहेत. मध्ये केवळ मडुरे हे एक स्थानक लागते. सावंतवाडी रोड स्थानक गावाबाहेर असल्यामुळे तेथून रिक्षा करावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे. ज्यांना गाड्यांच्या वेळा जमत नसतील, त्यांनी बसने सावंतवाडी गाठावी. सावंतवाडीच्या बसस्थानकावरून आंबोलीमार्गे बेळगाव, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर ह्या बाजूंना बसगाड्या जातात. उतरताच परतीच्या गाड्यांच्या वेळा चौकशीच्या खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये. शेवटच्या आधीची गाडी आपली, असे समजावे.

घाटातील प्रवास भर दिवसा करावा. सकाळी सातला निघाले तर वाटेतील चहापाणी धरूनही दुपारच्या जेवणाच्या आत मुक्कामी पोचता येते. मुलांना निघण्यापूर्वी हलकी न्याहारी द्यावी. तळलेले पदार्थ आणि दूध टाळावे. ज्यांना वळणांवर मळमळते, त्यांनी पुढच्या बाजूस बसावे, पुस्तक किंवा फोन डोळ्यांसमोर धरू नये आणि आवळकाठी तोंडात ठेवावी. चालकाने चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी आणि धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आदळून उलट चालकाच्याच डोळ्यांवर येतो. वळणावर थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अतिवृष्टीत घाटात दरडी कोसळतात. अशा दिवशी पोलिसांनी किंवा बांधकाम खात्याने वाट बंद केली असेल, तर हुज्जत न घालता बेत पुढे ढकलावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. गोव्यात स्वस्त मिळणारी दारू परवान्यावाचून महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर वाहनांची तपासणी होते. एका बाटलीपायी सबंध कुटुंबाला रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहावे लागणे, ही काही विश्रांती नव्हे.

मुक्कामाच्या तीन दिवसांची आखणी कशी करावी? तिचा पहिला नियम असा की, पहिल्या दिवशी काहीही पाहावयाचे नाही. पोचावे, जेवावे, झोपावे. चारच्या सुमारास चहा घेऊन महादेवगडाच्या टोकाकडे फिरावयास जावे. जुन्या किल्ल्याच्या ह्या जागेवरून सारी कोकणपट्टी पायाखाली पसरलेली दिसते आणि हवा निवळलेली असल्यास पश्चिमेला समुद्राची रेघही उमटते. सूर्यास्त पाहून अंधार पडण्याच्या आत परतावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीला जावे. गावापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या गुहेतून पाण्याचा जिवंत झरा बाहेर पडतो. त्याच्या मुखाशीच देवीचे आणि महादेवाचे स्थान आहे. हाच हिरण्यकेशी नदीचा उगम. ह्या कुंडाकडे केवळ तीर्थ म्हणून पाहून भागणार नाही. बोटाएवढ्या लांबीची एक मासोळी शास्त्रज्ञांना येथे आढळली आणि २०२० साली तिला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव देण्यात आले. पुढील वर्षी, म्हणजे २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने उगमाजवळचा २.११ हेक्टरांचा भाग जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केला. एका नदीच्या मुखाशी, देवळाच्या छायेत, इवल्याशा माशाचे घर टिकून राहिले आहे. भाविकाने त्या पाण्यात निर्माल्य, तेल वा नाणे टाकू नये. प्रवाशाने साबण लावून त्यात उतरू नये. एवढे पथ्य पाळले, तर देवाचीही सेवा घडेल आणि माशाचीही.

हिरण्यकेशीहून दहा-अकरापर्यंत परत यावे. दुपार पूर्णपणे मोकळी ठेवावी. ह्या मोकळ्या दुपारीच सहलीचे खरे सुख असते. आजीने नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, वडिलांनी बरोबर आणलेले पुस्तक उघडावे, मुलांनी पत्ते मांडावेत. आणि कोणाला काहीच करावेसे वाटले नाही, तर तेही चांगलेच. संध्याकाळी कावळेसादची दरी पाहावी. पावसाळ्यात दरीतून उसळणारा वारा एवढा जोरकस असतो की, खाली पडणारे धबधब्याचे पाणी तो उलटे वर उडवतो. हे दृश्य विलक्षण आहे, परंतु कडा तितकाच भयंकर. संरक्षक कठड्याच्या अलीकडेच उभे राहावे. ओल्या शेवाळलेल्या कातळावर एकही पाऊल पुढे टाकू नये. मुलांचा हात सोडू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोहोंपैकी एकच ठिकाण निवडावे. पावसाळ्यानंतरचे दिवस असतील तर बेळगावच्या रस्त्यावरील नांगरतासचा धबधबा पाहावा. तेथे पाणी उघड्या कड्यावरून न पडता कातळातील अरुंद घळीत घुसते. वरून पाहताना जमीन फाटून नदी गिळते आहे, असा भास होतो. चालण्याची हौस असेल तर चौकुळच्या वाटेने सड्यांवरून फिरावे. दोन्ही साधण्याचा हट्ट धरू नये. उरलेले ठिकाण पुढल्या खेपेस ठेवावे. जेवण आटोपून दोनच्या सुमारास घाट उतरला, तर सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी क्षणभर बसण्यास आणि चितारआळीत लाकडी फळे व खेळणी पाहण्यास सवड मिळते. राजवाड्यात गंजिफांची वर्तुळाकार पाने अजून हाताने रंगवली जातात. ती कला मुलांना अवश्य दाखवावी.

बेत आखताना एक गोष्ट बहुतेक घरांतून विसरली जाते. सहलीला सारे घर जाते, परंतु विसावा साऱ्या घराला मिळतो का? निघण्याच्या आदल्या रात्री लाडू-चकल्यांचे डबे भरणारी, सर्वांचे कपडे काढून ठेवणारी, पहाटे सर्वांच्या आधी उठणारी आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा स्टोव्ह पेटवणारी घरची बाई ह्या तीन दिवसांत केवळ स्वयंपाकघर बदलते. तिच्या वाट्यास हवापालट येत नाही, चूलपालट येते. म्हणून आंबोलीस जाताना शिधा आणि स्टोव्ह नेऊच नये. तेथील लहान खाणावळींतून भाकरी, वाटाण्याची उसळ, कोंबडी-वडे, भात आणि सोलकढी असे साधे, गरम जेवण मिळते. सकाळी माणसांची संख्या कळवून ठेवली, तर दुपारी ताटे वेळेवर तयार असतात. ताज्या मासळीची अपेक्षा मात्र हरमल-केरीच्या माणसाने तेथे धरू नये. मासळी ह्याच किनाऱ्यावरून वर चढून जाते, आणि वाटेत तिचा ताजेपणा उतरतो.

जाण्यापूर्वीची कामेही वाटून घ्यावीत. निवासाची जागा राखून ठेवणे, वेळापत्रक पाहणे आणि खर्चाचा हिशेब मांडणे हे पुरुषांनी करावे. दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाने आपली पिशवी आपण भरावी. सामान थोडे असावे : प्रत्येकी एक स्वेटर, पावसाळा असल्यास छत्री आणि कपड्यांचा एक जादा जोड, पकड असलेले बूट, विजेरी, नेहमीची औषधे आणि पाण्याची बाटली. रात्री अंगणात जावयाचे झाले तरी विजेरी आणि पादत्राणे विसरू नयेत, कारण हे रान सापांचे आहे. निवास निवडताना देखाव्यापेक्षा स्वच्छ न्हाणीघर, कोरडी अंथरुणे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्यावरची खोली ह्यांची चौकशी आधी करावी. खर्चाचे चार भाग करावेत : प्रवास, निवास, जेवण आणि अडीअडचण. चौथ्या भागाला हात न लावता घरी परतणे, ह्यासारखे समाधान नाही.

आता शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आंबोलीचा घाटमाथा हा जलविभाजक आहे. पाठीच्या पूर्वेकडे पडलेला पाऊस हिरण्यकेशीतून आजरा-गडहिंग्लजकडे वाहतो, घटप्रभेला मिळतो, कृष्णेत जातो आणि अखेर बंगालच्या उपसागराला पोचतो. पश्चिमेकडील उतारावरचे पाणी मात्र दाणोली, सरमळे, विलवडे, बांदा असे करीत तेरेखोल नदी होऊन पेडण्याच्या उत्तर सीमेवर समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार झाली की बांद्याची बाजारपेठ पाण्याखाली जाते आणि पेडण्याच्या नदीकाठच्या शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. त्याच पट्ट्याच्या दक्षिणेस रामघाटाच्या परिसरातून तिलारीचे पाणी येते. त्या धरणाच्या कालव्यांचा लाभ डिचोली, बार्देश आणि पेडण्याला मिळतो. डोंगरावरील रान आणि सड्यांवरची माती पाऊस धरून ठेवते आणि हळूहळू खाली सोडते. ते रान विरळ झाले, तर पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात तहान हे दोन्ही खालच्या गावांच्याच वाट्यास यावयाचे.

ह्या रानात माणसाहून दुबळे असे कितीतरी जीव आहेत. २००९ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलेला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक लहानसा भेक ह्या परिसराबाहेर क्वचितच आढळतो. पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, आणि रात्री रस्ता ओलांडताना वाहनांखाली चिरडला जातो. जूनच्या रात्री घाटमाथ्यावर गाडी सावकाश चालवणे, एवढेच त्याचे प्रवाशापाशी मागणे आहे. धबधब्यापाशी माकडांना खाऊ घालणे ही भूतदया वाटते. पण त्यामुळे ती रान सोडून रस्त्यावर येतात, चावतात आणि गाड्यांखाली सापडतात. आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील ग्रामस्थांचाही विसर पडता कामा नये. कबुलायतदार गावकरांच्या जमिनीचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे गाजत आला आहे. गावकरी म्हणजे काय, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ज्या सड्यावर आपण सतरंजी अंथरतो, तो कोणाचा तरी चराऊ माळ असतो. ज्या ओढ्यात बाटल्या फेकल्या जातात, त्याचे पाणी कोणाच्या तरी घरी भरले जाते.

म्हणून हवापालटास जाणाऱ्याने आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा. वर फेकलेली बाटली पहिल्या पावसात ओढ्यात, ओढ्यातून दाणोलीच्या नदीत आणि नदीतून तेरेखोलच्या मुखाशी, आपल्याच गावच्या जाळ्यात येऊन अडकण्याचा संभव फार आहे. थंड हवा, स्वच्छ झरा आणि शांत दुपार ही आंबोलीजवळची शिल्लक आहे. ती जपून वापरली, तर आज जी मुले आजीचा हात धरून हिरण्यकेशीच्या पायऱ्या उतरतात, त्यांना आपल्या नातवंडांना घेऊन त्याच पायऱ्या उतरता येतील आणि कुंडातील ती इवलीशी मासोळी बोट दाखवून दाखवता येईल.